साने गुरुजी : अमळनेरच्या छात्रालयातील सहा वर्षे

प्रस्तावना

साने गुरुजी हे नाव उच्चारताच बहुतेकांच्या मनात ‘श्यामची आई’ हे पुस्तक उभे राहते. काहींना पंढरपूरचा उपवास आठवतो, काहींना ‘साधना’ साप्ताहिक. अवघ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात या माणसाने इतकी कामे केली की त्यांच्या चरित्रातील एक कालखंड सहसा चार-दोन वाक्यांत उरकला जातो. १९२४ ते १९३० या काळात ते खानदेशातील अमळनेर येथे माध्यमिक शाळेत शिक्षक होते आणि शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. प्रस्तुत घटकात त्यांचे सर्व चरित्र थोडक्यात पाहावयाचे असले, तरी आपला मुक्काम या सहा वर्षांत अधिक राहील.

असे करण्यामागे एक कारण आहे. शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या प्रमुखापुढे रोज उभा राहणारा प्रश्न म्हणजे मुलांच्या वर्तनाला एकसारखे वळण कसे लावावे हा होय. आज एक चूक खपवून घेतली आणि उद्या त्याच चुकीसाठी दुसऱ्या मुलाला मारले, तर मुले नियम शिकत नाहीत. ती केवळ मोठ्या माणसाची लहर ओळखायला शिकतात. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, संसार, शेती सांभाळून अभ्यास करीत आहेत. काही जण स्वतः शाळेत वा अंगणवाडीत काम करीत असतील. त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. साने गुरुजींनी त्याला आपल्या पद्धतीने एक उत्तर दिले. ते उत्तर कोठून आले, कसे चालले आणि कोठे अपुरे पडले, हे आपण पाहू.

पालगडचे घर

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगड येथे झाला. हे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात आहे. घराणे खोताचे. कोकणात खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वतनदार. एके काळी या घराला मान होता, धान्याची ददात नव्हती. पांडुरंगाच्या लहानपणीच मात्र ही स्थिती पालटली. वडील सदाशिवराव कर्जात बुडाले आणि पुढे इस्टेटीवर जप्ती येण्यापर्यंत पाळी गेली. ज्या घरात पूर्वी गावचे लोक मुजऱ्याला येत, त्याच घरापुढे सावकाराची माणसे येऊन बसू लागली. या पडत्या काळात घराचा तोल राखला तो आई यशोदाबाईंनी. १९१७ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा पांडुरंग शिक्षणासाठी घरापासून दूर होता. ही खंत त्यांना जन्मभर पुरली.

या आईविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग ‘श्यामची आई’मधून येतो. येथे अभ्यासक म्हणून एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ते पुस्तक आत्मचरित्रात्मक आहे, आत्मचरित्र नव्हे. लेखकाने स्वतःला श्याम हे नाव दिले आहे, प्रसंगांची निवड केली आहे, त्यांना कथेचा घाट दिला आहे. त्यामुळे त्यातील प्रत्येक तपशील चरित्राचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. परंतु प्रौढ साने गुरुजींना आपल्या बालपणातील कोणत्या गोष्टी वळण लावणाऱ्या वाटल्या, हे समजण्यासाठी त्याहून चांगले साधन नाही.

पोहायला जाण्याचा प्रसंग पाहा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, झोडपते आणि विहिरीकडे पाठविते. मारल्यानंतर तिचेच मन भरून येते. म्हणजे ही आई शिक्षा करणारी आहे. पुढे पसरलेल्या समजुतीप्रमाणे ती केवळ अश्रू ढाळणारी माउली नाही. मुक्या कळ्या खुडणे असो, पुस्तकासाठी पैसे चोरणे असो, मुलाच्या चुकीकडे ती काणाडोळा करीत नाही. तिच्या वागण्याचा विशेष असा की, आई कशाला संतापेल आणि कशाला हसून सोडून देईल याविषयी श्यामला कधी शंका नसते. पोरकटपणा चालतो, भित्रेपणा चालत नाही. गरिबी चालते, लाचारी चालत नाही. शिवाय जो नियम मुलाला, तोच तिला स्वतःला. ती राबते आणि मग मुलाला राबायला सांगते. शिक्षा होऊन गेली की तिची आठवण काढून मुलाला पुनःपुन्हा टोचत राहणे हेही तिच्या स्वभावात नाही. छात्रालयप्रमुख साने यांनी आईची छडी घेतली नाही. तिची ही निश्चितता मात्र घेतली, असे आमचे मत आहे.

शिकणारा मुलगा

पालगडची प्राथमिक शाळा संपल्यावर पांडुरंगाचे शिक्षण अनेक ठिकाणी झाले. दापोलीच्या मिशन शाळेत तो शिकला. घरची स्थिती खालावत गेली तेव्हा शिक्षण सोडण्याऐवजी तो औंध संस्थानात गेला. तेथे गरीब विद्यार्थ्याला शिकता येईल अशी आशा होती. परक्या गावी हाताने स्वयंपाक करून, कधी उपाशी राहून त्याने दिवस काढले. प्लेगच्या साथीने तेथूनही उठावे लागले. मग पुणे, नूतन मराठी विद्यालय. १९१८ साली मॅट्रिक. न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे पुढच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, पदवी.

या भटकंतीचे तपशील ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ आणि ‘श्यामचा जीवनविकास’ या पुस्तकांत विस्ताराने आले आहेत, म्हणून येथे ते पुन्हा सांगत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे की घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला काय काय सोसावे लागते हे त्यांना ऐकून माहीत नव्हते, ते त्यांनी भोगले होते. आजारी पडल्यावर कपाळावर हात ठेवणारे कोणी नसणे, फीची तारीख जवळ आल्यावर पोटात येणारा गोळा, इतर मुलांच्या चांगल्या कपड्यांपुढे आपला फाटका सदरा लपविणे — छात्रालयातील मुलांच्या वागण्यातील पुष्कळसा उर्मटपणा व आळस यांमागे असलेच काही असते, हे ओळखण्याची नजर त्यांना या वर्षांनी दिली.

त्या काळची शाळा आणि शिस्त

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आपल्याकडील शाळेत शिस्त म्हणजे छडी, अंगठे धरून ओणवे राहणे, बाकावर उभे राहणे आणि दंड. पालकांनाही यात काही वावगे वाटत नसे. उलट मुलाला शाळेत घालताना मारण्याची मुभा तेच देत. या शिस्तीचा खरा दोष ती कठोर होती एवढाच नव्हता. ती बेभरवशाची होती. एक मास्तर ज्या गोष्टीसाठी वेत उगारी, तीच गोष्ट दुसरा मास्तर विनोदाने घेई. वर्गात गोंधळ झाला आणि गुन्हेगार सापडला नाही, तर सर्वांना सारखीच शिक्षा होई.

येथे रत्नागिरीच्याच दुसऱ्या एका मुलाची आठवण होणे स्वाभाविक आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला येते. दर वर्षी १ ऑगस्टला ती हजारो मुले व्यासपीठावरून म्हणतात. ती कितपत ऐतिहासिक आणि कितपत दंतकथा, हा वाद बाजूला ठेवू. ती पिढ्यानपिढ्या टिकली, कारण ज्याने टरफले टाकली नाहीत त्यानेही ती उचलायची, या सामुदायिक शिक्षेतील अन्याय मुलांना आपोआप कळतो. गंमत अशी की ही गोष्ट भाषणस्पर्धेत म्हणवून घेणाऱ्या शाळांतही अख्ख्या वर्गाला शिक्षा करण्याची पद्धत पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली.

अमळनेर

अमळनेर हे तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यातील, आजच्या जळगाव जिल्ह्यातील, बोरी नदीकाठचे गाव. सखाराम महाराजांचे संस्थान, श्रीमंत प्रताप शेठ यांची कापड गिरणी आणि त्यांच्याच औदार्यावर उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर यांमुळे या गावाला वेगळे स्थान होते. पदवी घेतल्यानंतर साने तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी या मंदिरात आले. ग्रंथांच्या सहवासात रमावे आणि अध्यात्माचा मार्ग शोधावा अशी त्यांची ओढ होती. पण तेथील वातावरणात त्यांचे मन स्थिरावले नाही. १९२४ साली ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, म्हणजे आज प्रताप हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेत, शिक्षक झाले. कोकणातला हा लाजाळू, हळवा तरुण अहिराणी बोलणाऱ्या मुलखात शिकवू लागला.

पुढे शाळेच्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली ही मुले वेगवेगळ्या घरांतली. कोणाकडे भरपूर पैसा, कोणाकडे फीचीही अडचण. कोणाला घरी गडीमाणसांची सवय, कोणाला काहीच सवय नाही. छात्रालयप्रमुखाचे काम म्हणजे अशा मुलांना उठवणे, अभ्यासाला बसवणे, खोल्या स्वच्छ ठेवून घेणे, भांडणे मिटवणे आणि रात्री दिवे मालवणे. हे काम हुकूम देऊन करता येते, दंडाची वही ठेवून करता येते. साने यांनी तिसराच मार्ग धरला.

मुले खोलीत नसताना ते खोल्यांतून फिरत. केर काढलेला नसेल तर स्वतः काढत. अस्ताव्यस्त अंथरुणांच्या वळकट्या करीत, कपड्यांच्या घड्या घालीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, कोणाचे धोतर मळलेले दिसले तर धुऊन वाळत घालीत. मुले परत येत तेव्हा खोली लख्ख असे. कोणी केले हे सांगायला कोणी येत नसे. सांगण्याची गरजही नसे. पहिल्या दिवशी काही मुलांना मौज वाटली असेल, काहींना बरेच झाले असेही वाटले असेल. पण दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने तेच घडत राहिले, तेव्हा मुलांना लाज वाटू लागली आणि ती आपली कामे आपण करू लागली. मूल आजारी पडले तर त्याच्या उशाशी साने सर रात्रभर बसलेले असत. गरजू मुलांसाठी पगारातील पैसा जाई.

या हकिकती महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितल्या गेल्या आहेत की त्यांतील मुद्दा गुळगुळीत झाला आहे. आपण त्याकडे व्यवस्थापनाच्या अंगाने पाहू. सान्यांची पद्धत परिणामकारक झाली ती त्यांनी एकदा केर काढला म्हणून नव्हे. एकदा केर काढणारा प्रमुख हा नाटकी ठरतो, आणि मुले नाटक लगेच ओळखतात. ती परिणामकारक झाली कारण त्यात खंड नव्हता आणि भेद नव्हता. श्रीमंताच्या मुलाची खोली आणि गरिबाची खोली, अभ्यासू मुलाचे अंथरूण आणि दांडगाईखोर मुलाचे अंथरूण, सर्वांना एकच न्याय. स्वच्छतेचा नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता; तो एका माणसाच्या रोजच्या हालचालीत लिहिलेला होता, आणि मुलांना तो रोज वाचावा लागे.

दुसरी गोष्ट अशी की वर्गातला शिक्षक आणि छात्रालयातला प्रमुख एकच होता. सकाळी वर्गात थोर पुरुषांची चरित्रे रंगवून सांगणारा माणूस संध्याकाळी खोलीत वेगळाच वागला असता, तर वर्गातले सारे शिकवणे वाया गेले असते. मोठ्या शाळांत हा दुवा सहसा तुटलेला असतो. वर्गशिक्षक एक सांगतो, खेळाचे शिक्षक दुसरे, वसतिगृहाचा अधीक्षक तिसरेच. मुले या फटींतून बरोबर वाट काढतात. अमळनेरला ही फट नव्हती, कारण तेथे दोन्हीकडे एकच माणूस उभा होता. ही त्या व्यवस्थेची ताकद होती. तिच्या दुबळेपणाचा विचार आपण पुढे करणार आहोत.

छात्रालय दैनिक

साने यांनी छात्रालयात आणखी एक गोष्ट सुरू केली, तिचा उल्लेख साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. ते मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक काढू लागले. त्याचे नाव ‘छात्रालय दैनिक’. रात्री मुले झोपल्यावर लिहायचे आणि सकाळी मुलांपुढे ठेवायचे. त्यात देशाच्या घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, निबंध व कविता असत आणि छात्रालयातील जीवनाविषयीही लेखन असे. वर्गाची तयारी, वह्या तपासणे, आजारी मुलांची शुश्रूषा हे सर्व करून रोज असे लिहिणे ही काय कसोटी आहे, हे वर्तमानपत्रात काम केलेल्या वाचकाला सांगावे लागणार नाही. पुढे १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही सुरू केले.

या दैनिकाकडे दोन बाजूंनी पाहता येते. लेखक साने यांची ती तालीम होती. साधी, लहान वाक्ये. ऐकणारा समोर बसला आहे असे धरून केलेली मांडणी. उपदेशाकडे झुकणारा पण जिव्हाळ्याने भिजलेला सूर — पुढे लक्षावधी वाचकांनी ज्या शैलीवर प्रेम केले आणि काही समीक्षकांनी जिला भाबडी म्हटले, ती शैली या दैनिकाच्या कागदावर घडली. त्यांचा वाचक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता, आणि लेखक म्हणून ते त्याला कधीच सोडून गेले नाहीत.

छात्रालयप्रमुख साने यांच्यासाठी दैनिक हे आणखी काही होते. घडलेल्या गोष्टीबद्दल एका मुलाला खोलीत बोलावून झापण्याऐवजी त्या गोष्टीमागचा विचार सर्व मुलांपुढे सारख्याच शब्दांत जाऊ शकत होता. कानगोष्टीला जागा उरत नव्हती. अमक्याला सरांनी काही सांगितले आणि तमक्याला वेगळे सांगितले, ही वसतिगृहातील नेहमीची तक्रार लिखित शब्दाने बरीचशी मिटते. प्रमुखाचा रागही रात्रीच्या लिखाणात थोडा निवतो, हा फायदा वेगळाच.

स्वयं-अध्ययन : ‘श्यामची आई’मधील शिक्षेचा कोणताही एक प्रसंग वाचा. त्यात आईने चूक कोणती मानली, शिक्षा काय केली आणि त्यानंतर मुलाशी ती कशी वागली, हे आपल्या शब्दांत लिहा. आपल्या स्वतःच्या शालेय आयुष्यातील एका शिक्षेशी त्याची तुलना करा.

समकालीन प्रयोग

साने यांचा प्रयोग एकाकी नव्हता. त्याच सुमारास, १९२४ साली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सातारा येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. तेथे मुले एकत्र राहत, स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंत कामे स्वतः करीत आणि श्रम करून शिकत. वर्तनाला वळण लावणारी मुख्य गोष्ट तेथे काम ही होती, आणि काम सर्वांना वाटून दिलेले असे.

गांधीजींनी स्वतः दक्षिण आफ्रिकेत आश्रमातील मुलांच्या नैतिक चुकीबद्दल सात दिवसांचा उपवास केला होता. शिष्य घसरला तर त्याची काही जबाबदारी गुरूवर येते, असा त्यामागील विचार होता. साने यांच्या वृत्तीशी याचे नाते उघड आहे. मुलाने न काढलेला केर आपण काढणे हे त्याच विचाराचे घरगुती रूप म्हणता येईल.

याच दशकात युक्रेनमध्ये पोल्टाव्हाजवळ अंतोन माकारेंको हे शिक्षणतज्ज्ञ बेघर व गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलांची वसाहत चालवीत होते. १९२० ते १९२८ ही त्यांची त्या वसाहतीतील वर्षे. या प्रयोगाच्या आरंभी त्यांनी संतापाच्या भरात एका मुलावर हात उगारला होता, आणि ही गोष्ट त्यांनी आपल्या पुस्तकात लपविलेली नाही. पुढे त्यांनी मुलांच्या तुकड्या पाडल्या, त्यांना त्यांच्यातूनच नायक दिले, नायकपद फिरते ठेवले. वसाहतीची शिस्त हळूहळू मुलांच्या समूहाने उचलली. अमळनेर आणि पोल्टाव्हा यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. परंतु दोन्ही शेजारी ठेवल्या की साने यांच्या पद्धतीतले उणे स्पष्ट दिसते.

पद्धतीच्या मर्यादा

साने यांची शिस्त त्यांच्या व्यक्तित्वावर उभी होती. मुलांच्या हाती कारभार सोपविणारी, प्रमुख बदलला तरी चालत राहील अशी रचना उभी करण्याकडे त्यांच्या स्वभावाचा ओढा नव्हता. प्रेमाने जिंकायचे हे त्यांना माहीत होते. समिती नेमायची, जबाबदाऱ्या वाटायच्या, दुसऱ्या शिक्षकाला आपली रीत शिकवून तयार करायचे, यात ते रमत नसत. मुख्याध्यापकाने जर त्यांच्याकडून काही शिकायचे असेल, तर सातत्य आणि समदृष्टी या गोष्टी शिकता येतील. रोज रात्री जागून चाळीस मुलांची आई होणे ही गोष्ट नियम म्हणून कोणत्याही शिक्षकावर लादता येणार नाही, आणि लादूही नये. आज काही ठिकाणी साने गुरुजींचे नाव घेऊन शिक्षकांकडून अमर्याद त्यागाची अपेक्षा केली जाते. ती गुरुजींच्या विचाराशी प्रामाणिक आहे असे आम्हांस वाटत नाही.

आणखी एक प्रश्न नाजूक आहे. लाज ही शिक्षा नव्हे काय? आपले मळके धोतर सरांनी धुतले हे पाहून ज्या मुलाचा चेहरा उतरला, त्याला छडीच्या दोन फटक्यांपेक्षा ते अधिक लागले असणार. हळव्या मुलाला अशी लाज खोल जखम करू शकते, आणि निगरगट्ट मुलावर तिचा परिणामच होत नाही. म्हणजे वरकरणी सर्वांना सारखी असलेली ही पद्धत आतून सर्वांना सारखी लागत नाही. साने यांच्या हातून तिचे शस्त्र झाले नाही, कारण त्यांच्या मनात मुलाला खाली पाहायला लावण्याचा हेतू नव्हता. काम करताना त्यांना खरोखरच आनंद होत असावा. हेतू बदलला की हीच कृती टोमणा बनते. एखादी सासू सुनेसमोर मुद्दाम भांडी घासायला बसते तेव्हा तिला कोणी सेवाव्रती म्हणत नाही.

आणि या सर्वाची किंमत त्यांना स्वतःला मोजावी लागत होती. दुसऱ्याच्या चुकीचे ओझे आपल्या शिरावर घेण्याची सवय मनाला थकविते. त्यांच्या लेखनात वारंवार येणारी निराशा, आपण कोणाच्याच उपयोगी पडलो नाही ही भावना, यांचे एक मूळ येथे असावे.

शाळेबाहेर

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली. सहा वर्षे मुलांना देशासाठी जगायला सांगणाऱ्या शिक्षकापुढे आता साधा प्रश्न होता. त्यांनी नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. छात्रालय मागे राहिले. येथून पुढे तुरुंग हीच त्यांची शाळा झाली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा तुरुंगांत त्यांनी काळ काढला. त्रिचनापल्लीत दक्षिणेकडील भाषांशी त्यांचा परिचय झाला. ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे बीज या अनुभवात आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली आणि म्हणूनच ती आज आपल्याला ‘गीता प्रवचने’ या रूपात वाचायला मिळतात.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाले. त्याची रचना आठवून पाहा. रात्रीची वेळ, आश्रमातील तरुण सोबती गोळा झालेले आणि श्याम त्यांना आईच्या आठवणी सांगतो आहे. घटनांचे स्थळ पालगड आहे, पण सांगण्याची चौकट छात्रालयाची आहे. अमळनेरच्या रात्री नसत्या तर पालगडची आई अशा रीतीने कथेत उतरली असती का, याचा विचार करण्यासारखा आहे. छात्रालयातील अनुभवांची सावली ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीवर तर स्पष्टच पडली आहे. ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ते पाहायला मात्र गुरुजी हयात नव्हते.

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातच फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले हे पहिले अधिवेशन. त्यासाठी गुरुजी गावोगाव फिरले आणि अधिवेशनात पडेल ते काम त्यांनी केले. १९४२च्या चळवळीत ते भूमिगत राहिले, नंतर पुन्हा तुरुंगात गेले.

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा यासाठी १९४७ साली त्यांनी केलेला उपवास हा त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा कळस होय. आधी महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी लोकमत जागविले, मग १ मे १९४७ रोजी उपवास आरंभिला. दहा दिवसांच्या आत मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला. अमळनेरचे छात्रालय आणि पंढरपूरचे मंदिर यांत अंतर पुष्कळ असले, तरी हा मनुष्य तोच आहे. समाजाने न झाडलेला केर त्यांनी स्वतः झाडायला घेतला आणि लोकांना लाज वाटेपर्यंत ते थांबले नाहीत. कायदा करणारे, संघटना बांधणारे इतर अनेक होते, त्यांचे काम कमी मोलाचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर काळाराम मंदिराच्या सत्याग्रहानंतर मंदिरप्रवेशाहून मूलभूत हक्कांचा प्रश्न पुढे आणला होता. गुरुजींचे आवाहन सवर्णांच्या मनाला होते, आणि तेथेच त्याची शक्ती व सीमा दोन्ही होत्या.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. मुंबईत राहून ते लिहीत होते, पण गांधीजींच्या खुनानंतर त्यांचे मन पूर्वीसारखे सावरले नाही. स्वतंत्र देशात माणसे जशी वागत होती तशी वागताना पाहून त्यांना होणारा क्लेश त्यांच्या जवळच्यांना दिसत होता. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. ‘साधना’ पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविले आणि ते आजही प्रसिद्ध होत आहे. छात्रालयात जी रचना त्यांना उभी करता आली नव्हती, ती या साप्ताहिकाला इतरांच्या हातून लाभली.